त्या दुपारी तुम्ही व्हाळ ओलांडलात

तुम्हाला जाऊन आज अठरा दिवस झाले आणि माझं तुमच्याशी भांडण अजून संपलेलं नाही. लोक येतात, भिंतीला टेकून बसतात, ‘सोन्यासारखो माणूस गेलो’ म्हणतात, चहा पितात आणि उठतात. मी मान डोलावते. यातली निम्मी माणसं गेली सात वर्षं आपल्या दारापुढच्या खळ्यात पाय ठेवत नव्हती, हे त्यांना ठाऊक आहे आणि मलाही. मेलेल्याच्या घरी यायला बहुतेक कुणाची हरकत नसावी.

लेक रत्नागिरीला परत जाताना एक वही ठेवून गेली. म्हणाली, “आई, बाबांबद्दल लिही काहीतरी, तुला बरं वाटेल.” तीस वर्षं मी शाळेत पोरांकडून निबंध लिहून घेतले, तेव्हा वही बघून मी लगेच बसेन असं तिला वाटलं असणार. पण चांगलं चांगलं तेवढं लिहायचं तर मला ते जमणार नाही. तुम्ही मला आवडत होतात की नाही हेच मला कित्येकदा ठरवता आलं नाही, आणि आता ठरवून काय उपयोग.

तुमच्याइतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही, हे तर मी तुमच्या तोंडावर म्हणत आले. पाल दिसली की मला हाक. तालुक्याच्या कचेरीतून फोन आला की उभं राहून बोलायचं, निवृत्त झाल्यावरसुद्धा. वीज चमकली की मेन स्विच बंद, आणि मग मेणबत्ती कुठे ठेवलीस म्हणून माझ्यावर चिडायचं. गाडी चालवायचा परवाना काढून वीस वर्षं झाली होती, पण देवळाच्या पुढे गाडी कधी नेली नाहीत, कारण पुढे उतार लागतो. मी विचारायचे, “तुमका पाळण्यात कोणी भेवडायल्यानी काय हो?” तुम्ही हसायचात. “भियान रवणारो माणूस जास्त जगता गो,” म्हणायचात. सहासष्टाव्या वर्षी गेलात. तेही खोटंच ठरलं.

आणि या सगळ्या भीतींच्या वर दादा. तुमचे थोरले भाऊ, तुमच्याहून सहा वर्षांनी मोठे. सासरे लवकर गेले, दादांनी तुम्हाला शिकवलं, नोकरीला लावलं, हे मला लग्नाच्या पहिल्या आठवड्यात तीन वेळा सांगण्यात आलं होतं. एकच घर, मधे एक भिंत, अलीकडे आपण, पलीकडे दादा आणि दादांची गाडी, आणि पुढचं खळं दोघांचं मिळून. दादा समोर असले की तुम्ही खुर्चीवर बसत नव्हता. दादा बोलले की तुम्ही जमिनीकडे बघत होता. मी नवी होते तेव्हा मला वाटायचं, किती हा आदर. तो आदर नव्हता हे कळायला मला चार वर्षं लागली.

ती गोष्ट मी तुम्हाला पुन्हा एकदा सांगणार आहे. कंटाळलात तरी आता उठून जाता यायचं नाही.

चौतीस वर्षांपूर्वी, जत्रेच्या आदल्या दिवशी. लेक दीड वर्षाची होती. जत्रेला देवाची पालखी देवळातून निघाली की सगळ्यात आधी आपल्या खळ्यात टेकते, हा आपल्या घराण्याचा मान. मी सकाळपासून सारवत होते. माझा भाऊ पहिल्या एस.टी.ने नांदगावाहून आला, खळ्यात उभा राहिला, पाण्याचा तांब्याही त्याने घेतला नाही. “ताये, बाबांचा काय खरा नाय,” तो म्हणाला. “तुझा नाव घेतत. चल माझ्यावांगडा.”

मी हात धुवायला आत निघाले होते. दादा बाकड्यावर बसून होते. ते म्हणाले, “उद्या पालखी येवची आसा. थंय काय बरावायट झाला तर ही सुतक घेवन येतली. पालखी दारातसून परत जातली. जत्रा होवंदे, मगे जा.”

मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही आंब्याच्या पानांचं तोरण ओवत होतात. हात थांबला नाही, मान वर झाली नाही. “दादा सांगता तां बरोबर,” म्हणालात.

माझा भाऊ त्याच एस.टी.ने परत गेला. बाबा त्या दिवशी दिवेलागणीला गेले. बातमी दुकानातल्या फोनवर आली ती दादांना मिळाली, आणि दादांनी ती धरून ठेवली. दुसऱ्या दिवशी मी नवं लुगडं नेसून पालखी ओवाळली. पालखी पुढे गेली, खळ्यातली माणसं पांगली, तेव्हा दादांनी सांगितलं. म्हणजे मी सुतकातच देव ओवाळला होता. देव काही बोलला नाही. मी नांदगावाला पोचले तेव्हा चितासुद्धा विझून गेली होती, आणि भावाने माझ्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच. आईने विचारलं, “तुज्या घोवाक तरी काय वाटाक नाय?”

बाबा गेल्याचं तुम्हाला पालखीच्या आधी ठाऊक होतं का, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही. बाकी सगळं विचारलं, टोचून विचारलं, हे तेवढं नाही. तुमच्यासारखीच उत्तराची भीती मलाही होती.

आता ती दुपार. सात वर्षांपूर्वीची गावपळण. देवाचा कौल झाला, दिवस ठरला. आचऱ्याकडच्या या भागातल्या माणसांना हे सांगायला नको, पण लेकीच्या सासरच्यांना समजावताना माझी पुरेवाट होते. काही वर्षांनी एकदा तीन दिवस तीन रात्री अख्खा गाव देवाच्या हवाली करून आपण शिवेबाहेर राहायला जातो. गावात माणूस नको, गुरंढोरं नकोत, चूल पेटायला नको. कुत्री, मांजरं, कोंबड्या, सगळी बरोबर. बाहेर झावळ्यांच्या खोपी घालायच्या, एकत्र जेवायचं, भजनं म्हणायची. पोरांना तर ती सुट्टीच.

वाडीची जबाबदारी दादांकडे होती. त्यांनी गुरं मोजली, बकऱ्या मोजल्या, माझी एक खुडूक कोंबडी टोपलीतून उठेना तर तिच्यासाठी दोनदा माणूस पाठवला. पण वरच्या आंब्याच्या बागेत राखणीला ठेवलेलं नेपाळी जोडपं कुणाच्या मोजणीत नव्हतं. बागवाला मुंबईत, ती दोघं येऊन जेमतेम पंधरा दिवस झालेले. तुम्ही रोज सकाळी त्या बाजूला फिरायला जायचात म्हणून तुम्हाला आठवलं. गादी बांधताना तुम्ही म्हणालात, “त्या नेपाळ्यांका कोणी सांगल्यानी काय गो?”

“दादांनी सांगलेला असतला,” मी म्हटलं. “तुमका कित्याक नसती उसाभर? दोरी घट्ट बांधा.”

तुम्ही दोरी ओढून गाठ मारलीत. तेव्हा त्या दोघांना विसरण्यात माझाही हात होता. हे मी त्यानंतर कुणाला सांगितलं नाही, तुम्हीही मला कधी ऐकवलं नाहीत. तेवढं मात्र तुमचं मानायला हवं.

दुसऱ्या दिवशी दुपारची जेवणं व्हायची होती. गावाची शीव म्हणजे तो व्हाळ, घोटाभर पाण्याचा ओढा, त्याच्या अलीकडे काजूच्या झाडांखाली आपल्या खोपी. मी खोबरं किसत होते. तुम्ही लसूण सोलत होतात, कारण विळीची तुम्हाला भीती. पोरं भजनाची तालीम करत होती. आणि शिवेच्या आतून, रिकाम्या गावातून आवाज यायला लागला. टण टण टण टण. कुणीतरी पत्र्यावर काहीतरी आपटत होतं.

मृदंग थांबला. सगळ्यांनी ऐकलं आणि कुणीच ऐकलं नाही असं करून बसले. शेजारच्या म्हाताऱ्या काकीने नातवाचे कान झाकले. दादा झाडाखाली खुर्चीवर होते. “कोणी तिकडे बघू नको,” ते म्हणाले. “देवाचो खेळ आसा तो.”

तुम्ही उठलात. मांडीवरची लसणीची सालं खाली पडली. “दादा, ह्यो डबो आसा,” म्हणालात.

“बस खाली.”

“माकडांक पळवूक डबो वाजयतत तो थांबान थांबान वाजयतत. ह्यो थांबना नाय. कोणतरी बोलावता.”

दादांनी तुमच्याकडे नुसतं बघितलं. त्या बघण्यावर तुम्ही साठ वर्षं बसत आला होतात. मी तुमच्या जवळच होते. मला वाटलं, आता बसाल. तुम्ही व्हाळाच्या दिशेला वळलात. मी तुमचा सदरा धरला. “येड लागला काय तुमका? गाव काय म्हणतलो?”

तुम्ही माझी बोटं एकेक करून सोडवलीत. रागाने नाही, सदरा फाटू नये एवढ्या बेताने. “सोड गो,” म्हणालात. “माणूस आसा थंय.”

व्हाळाच्या काठावर तुम्ही चपला काढून ठेवल्यात. वाकून पाणी डोळ्यांना लावलंत, देवळाच्या दिशेने हात जोडलेत आणि पलीकडे गेलात. मागे एकदाही वळून बघितलं नाहीत. बायका माझ्यापासून जराशा सरकून बसल्या. मी खोबरं किसत राहिले, करवंटी लागली तरी किसत राहिले.

मधेच डबा वाजायचा थांबला. वाजत होता त्यापेक्षा तो थांबला तेव्हा मी जास्त घाबरले. पाऊण तास गेला असेल. मग पायवाटेवर तुम्ही दिसलात. बागेतली आंब्याच्या पेट्या न्यायची हातगाडी तुम्ही ओढत होतात, मागून ती बाई ढकलत होती आणि गाडीवर तिचा नवरा आडवा होता. लाकडं काढताना त्याला फुरसं चावलं होतं. पाय सुजून तट्ट झालेला, हिरड्यांतून रक्त येत होतं. ती बिचारी आधी सगळी वाडी धावून आली होती. घरोघर दारं वाजवली होती, प्रत्येक दाराला कडी. माणसं कुठे गेली तिला कळेना. मग परत जाऊन तिने डबा घेतला.

हातगाडी व्हाळाच्या दगडांत अडकली. अलीकडच्या काठावर सत्तर-ऐंशी माणसं उभी होती. त्यात तुमचे शाळेतले सोबती होते, तुमच्याकडून कचेरीतली कामं करून घेतलेले होते. एकानेही पाण्यात पाय घातला नाही. मीसुद्धा नाही. माझ्यात आणि तुमच्यात पाच पावलांचं पाणी होतं आणि मी काठावर उभी राहिले. तुम्ही त्या माणसाला पाठीवर घेतलंत. कंबर दुखते म्हणून पाण्याची कळशी न उचलणारे तुम्ही, त्याला घेऊन आलात आणि थेट दादांच्या पुढ्यात उभे राहिलात.

“दादा, गाडयेची चावी दी.”

“शीव मोडून इलंस,” दादा म्हणाले. “माझ्या गाडयेक हात लावू नको.”

“बरा,” तुम्ही म्हणालात. आणि दादांच्या सदऱ्याच्या खिशात हात घालून चावी काढून घेतलीत.

दादांचा चेहरा मला आजही दिसतो. कुणी थोबाडीत मारली असती तरी तो इतका उतरला नसता. तुम्ही त्या माणसाला मागच्या सीटवर घातलंत, त्याची बायको त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि तुम्ही गाडी सुरू केलीत. गाडी आचके देत देत रस्त्याला लागली आणि वीस वर्षं ज्या उताराला भ्यालात तो उतार भर्रकन उतरून दिसेनाशी झाली.

तेव्हा मला काय वाटलं ते तुम्हाला सांगायचं राहून गेलं. मला तुमचा अभिमान वाटला. असा वाटला की धावत रस्त्यापर्यंत जावं आणि सगळ्यांना ओरडून सांगावं, ह्यो माझो घो. आणि ते वाटतंय न वाटतंय तोच दुसरं मनात आलं. हा माणूस इतकी वर्षं माझ्याच घरात होता? मग माझ्या वेळी हा कुठे होता? माझा बाप नाव घेत पडला होता तेव्हा या माणसाला एवढंच म्हणायचं होतं की दादा, ती जातली. कुणाच्या खिशात हात घालायचा नव्हता. कुणाला पाठीवर घ्यायचं नव्हतं.

तो नेपाळी वाचला. डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर गेला असता तर अवघड होतं. तुम्ही दोन दिवस दवाखान्यातच राहिलात आणि गाव परत भरला तेव्हा घरी आलात. मी तुम्हाला पेज वाढली, लोणचं वाढलं. बाहेर कोण काय बोलतंय ते तुम्ही विचारलं नाहीत. मी तुम्हाला शाबासकी द्यायला हवी होती हे मला त्या वेळीही कळत होतं. मी म्हटलं, “परक्यासाठी जमला. माझ्या बापाशीसाठी इतक्या जमाक नाय?”

तुमचा घास हातातच राहिला. तुम्ही काहीतरी बोलणार असं मला वाटलं. मी थांबले. तुम्ही उठलात, ताट धुतलंत, पालथं घातलंत आणि खळ्यात जाऊन बसलात. पेज तशीच राहिली. मी जाऊन विचारलं नाही, आणि तुम्हीही आत येऊन बोलला नाहीत.

मग गावाने आपल्याला जे दाखवायचं ते दाखवलं. भांडण नाही, शिवी नाही. पालखी आपल्या खळ्यात टेकायची बंद झाली एवढंच. जत्रेला ती वाजत गाजत येते, आपल्या खळ्याच्या तोंडाशी आली की भोयांची पावलं जलद पडतात आणि ती पुढे जाते. गणपतीत भजन करणारी पोरं घरोघर फिरतात, आपल्या दारावरून पुढच्या घरी जातात. पुढच्या गावपळणीला आपली खोप सगळ्यांपासून लांब, एका काजूच्या टोकाला पडली. खळं दादांचंही, म्हणून त्यांचाही मान गेला. ते तुमच्याशी बोलायचे थांबले. भिंतीच्या पलीकडून खोकला ऐकू यायचा, शब्द नाही. आणि तुम्ही तेव्हाही दादा दुपारचे झोपले की रेडिओ बारीक करत होता. मला इतका राग यायचा.

दर जत्रेला तुम्ही धुतलेलं धोतर नेसून खळ्याच्या तोंडाशी अनवाणी उभे राहायचात. पालखी जवळून निघून जायची, तुम्ही हात जोडायचात, ती वळणाआड होईपर्यंत तसेच. मी आतून बघायचे. एकदा मी विचारलं, वाईट वाटतं का. “देव जाता तो रस्त्यान जाता,” म्हणालात. “रस्तो आमच्या दारातसूनच आसा मां?” आणि हसलात. तुम्हाला खरंच वाईट वाटत नव्हतं की मला दाखवत नव्हता, हेही आता कळायचं नाही.

एकदा, त्या गावपळणीनंतरच्याच वर्षी, बाबांच्या तिथीला तुम्ही सकाळीच तयार झालात. “नांदगावाक जावया,” म्हणालात. मी न बोलता निघाले. भावाच्या घरी पोचलो तर तुम्ही आत आला नाहीत. अंगणात उन्हात उभे राहिलात, तास-दीड तास. भावाने अखेर पाण्याचा तांब्या आणून ठेवला, तो तुम्ही प्यालात. “येतंय,” म्हणून निघालात. ती माफी होती का हो? असेल तर तोंडाने का मागितली नाहीत? मी परतीच्या एस.टी.त वाट बघत होते. तुम्ही खिडकीतून बाहेर बघत राहिलात आणि कणकवलीला मला सोडा घेऊन दिलात.

ती नेपाळी बाई, दिलमाया तिचं नाव. आता देवगडकडच्या एका बागेत असतात ती दोघं. तुम्ही गेल्याचं कुणीतरी कळवलं, तिसऱ्या दिवशी ती आली. खळ्याच्या कडेला बसून इतकी मोठ्याने रडली की शेजारपाजारची माणसं बाहेर आली. मला तिचा राग आला. तिला तुमच्यासाठी नुसतं रडता येत होतं, मागे काही ठेवायचं नव्हतं तिला. मी तिला चहा दिला आणि आत जाऊन भांडी घासत बसले.

आणि काल दादा आले. सुतकात ते आले होते, पण तेव्हा चारचौघांत होते, माझ्याशी बोलले नव्हते. काल एकटे आले आणि बाकड्यावर बसले. बाहत्तर वर्षांचे झाले, हातात काठी आली. पुष्कळ वेळ खळ्याकडे बघत होते. मग म्हणाले, “जत्रा महिन्यार इली. मी गावकारांशी बोललंय. तू देवळात नारळ ठेव. माझ्या घोवाची चूक झाली, देवा पदरात घे, इतक्याच म्हण. पालखी परत येतली.”

मी चौकटीला टेकून उभी राहिले.

“माका मराच्या आधी एकदा पालखी खळ्यात बघूची आसा,” ते म्हणाले. आवाज दादांचा वाटत नव्हता. “तो तर गेलो. आता तेका काय फरक पडतलो?”

खोटं कशाला लिहू, माझ्या मनात आलं की ठेवावा नारळ. सात वर्षं मला कुणी हळदीकुंकवाला बोलावलेलं नाही, तेही आता संपलं. म्हातारपणी एकटीने राहायचं ते गावाला सोडून कसं राहू? आणि त्याहून खरं सांगायचं तर तुमच्यावर सूड म्हणून ठेवावासा वाटला. तुम्ही माझ्यासाठी एक शब्द बोलला नाहीत, मी तुमच्याविरुद्ध एक शब्द बोलले तर फिटलं. नारळच तो. घरात तीन पडलेले होते.

“दादानू, मी नारळ ठेवचंय नाय,” मी म्हटलं. माझेच शब्द मला दुसऱ्या कुणाचे तरी वाटले. “माणूस मरत होतो. तेका उचललो ही चूक नाय. आणि चुकीचो नारळ ठेवचो तर आधी तुमी ठेवा. माझो बापूस गेलेलो तुमका म्हायत होतो आणि तुमी माझ्याकडसून सुतकात पालखी ओवाळून घेतलास. तेचो नारळ कोणी ठेवलो?”

चौतीस वर्षांत मी त्यांना दिलेलं हे पहिलं उत्तर. मला वाटलं ते काठी आपटतील. त्यांनी ती बाकड्याला टेकवली. मग खाली बघत म्हणाले, “तेकापण म्हायत होता.”

“कोणाक?”

“तुझ्या घोवाक. फोन इलो तेव्हा तो माझ्यावांगडाच होतो दुकानात. तो म्हणालो, तिका आताच सांगूया. माझे पाय धरल्यान. मी नको म्हटलंय.” ते उठायला लागले. “मगे तो गप रवलो.”

काठी टेकत ते भिंतीपलीकडे गेले. मी चौकटीतच उभी होते.

त्या दिवशी दुकानातून येऊन तुम्ही माझ्या हातचं जेवलात. लेकीला मांडीवर घेतलंत. दुसऱ्या दिवशी मी पालखी ओवाळत होते तेव्हा निरांजन विझू नये म्हणून तुम्ही आडवा हात धरून माझ्या बाजूला उभे होतात. माझा बाप गेलाय हे मनात ठेवून उभे होतात. त्यानंतर चौतीस वर्षं माझ्या शेजारी झोपलात, आणि मी एवढं टोचून बोलायचे तेव्हा ऐकून घेत होतात. आज कळतं कशापायी ऐकून घेत होतात. तुम्ही दादांचे पाय धरलेत हे मला कुणीतरी सांगायला हवं होतं. दादांनी नाही. तुम्ही.

नारळ मी ठेवणार नाही, ते ठरलं ते ठरलं. जत्रेला तुमच्या जागी खळ्याच्या तोंडाशी मी उभी राहीन, जिला यायचं तिने माझ्या बाजूला उभं राहावं. त्या दुपारबद्दल कुणी तुम्हाला नावं ठेवली तर त्याच्याशी मी भांडेन, मरेपर्यंत भांडेन. पण दुकानातून घरी येताना तुम्ही जे पोटात ठेवलंत त्यासाठी मी कुणाशी भांडू? रोज पेज वाढताना तुम्ही समोर होतात हो. एकदा सांगितलं असतंत तर मी आठ दिवस रडले असते, महिनाभर बोलले नसते, आणि मग केलं असतं तुम्हाला माफ. मला करायचं होतं.